वारसा मिळालेली १६ वर्षांची नायिका, पण जुना नायक वाचकाला माहीतच नाही. कॉमिक उभं कसं करायचं?

साखरपेठी:

नमस्कार मंडळी. सोलापुरात घडणारं मराठी सुपरहिरो कॉमिक करायला घेतलंय. लेखन आणि चित्रं धरून आम्ही दोघंजण आहोत.

गोष्ट अशी. १९७८ ते १९९१ या काळात शहरात ‘धोटा’ नावाचा मुखवटेधारी होता. गिरणगावात आणि यंत्रमागाच्या पेठांत रात्री फिरायचा, सावकारांची दहशत मोडायचा. अंगावर सोलापुरी चादर, हातात मागाचा धोटा (आडवा दोरा घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारं लाकडी साधन). मग एकाएकी दिसेनासा झाला. आज साखर पेठेत राहणारी, अकरावीतली, घरात तेलुगू बोलणारी रेवती (वय १६) त्याचं नाव आणि चादर घेते.

सध्याचा आराखडा २४ पानांचा आहे, ए-५ आकार, पूर्ण रंगीत. पान ५ वर म्हातारा धोटा (पेठेत सगळे त्याला ताता म्हणतात) रेवतीसमोर प्राण सोडतो आणि चादर तिच्या हाती देतो. पान ८ वर सिद्धेश्वर तलावाच्या काठी वीज पडते आणि तिला शक्ती मिळते. पान १२ पासून सावकाराचा नातू समोर येतो, शेवट गड्डा यात्रेत (सिद्धेश्वराची जानेवारीतली यात्रा).

अडलंय चार ठिकाणी. जुना नायक आमचाच, त्यामुळे वाचकाच्या मनात त्याची काहीच आठवण नाही आणि पान ५ चं मरण कोणालाच लागत नाही. पोशाख जसाच्या तसा ठेवला तर नक्कल वाटते, बदलला तर नातं तुटतं. धोट्याने नेमकं काय करता येतं ते कळत नाही. आणि अक्षरजुळणीत जोडाक्षरं फुटतायत. परदेशी प्रसिद्ध नायकाचंच नाव वापरा असा एक सल्ला मिळाला, पण कॉमिक विकायचं आहे आणि ते नाव दुसऱ्याच्या मालकीचं आहे, म्हणून तो रस्ता बंद.


तिसरी चौकट:

आधी वीज काढा. तीन पानांत मुलीला दोन गोष्टी फुकट मिळतायत, चादर आणि शक्ती. शक्ती आकाशातून आली तर ताताकडून काय आलं? नुसतं कापड. मग वारसा हा शब्दच गोष्टीला लागू राहत नाही.

वारशाच्या कॉमिक्समध्ये नाव कोणत्या वाटेने पुढे जातं ते पहिल्यांदा ठरवावं लागतं, कारण पुढचं सगळं त्यावर बसतं. आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असलेली वाट वेताळाची (म्हणजे फँटमची). १९३६ साली सुरू झालेली ही मालिका इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आली. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, आपण वाचतो तो एकविसावा, आणि जंगलाला वाटतं हा माणूस मरतच नाही. तिथे वारसा गुपित आहे. पोशाखात एक टाकाही बदलायचा नसतो, कारण बदलला की गुपित फुटतं.

दुसरी वाट उघड वारशाची. २०११ मध्ये माइल्स मोरालेस हा नवा स्पायडरमॅन आला तेव्हा त्याच्या जगातला जुना स्पायडरमॅन, पीटर पार्कर, सगळ्यांदेखत मेलेला होता. माइल्स तोच पोशाख घालून पहिल्यांदा बाहेर पडतो आणि बघणारे लोकच म्हणतात, हे शोभत नाही. लाल-काळा पोशाख त्याला नंतर मिळतो. हा क्रम लक्षात घ्या. आधी नक्कल, मग लोकांची नाराजी, मग स्वतःचा रंग. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे.

तिसरीत जुना नायक जिवंत असतो. कमला खानने ‘मिस मार्व्हल’ हे नाव घेतलं तेव्हा कॅरल डॅनव्हर्स ते नाव सोडून २०१२ मध्ये ‘कॅप्टन मार्व्हल’ या पुढच्या नावावर गेलेली होती. कुणी मेलं नाही, तरी वारसा जड वाटतो, कारण मूळ व्यक्ती केव्हाही समोर येऊन उभी राहू शकते. २०१४ ची ती मालिका पोशाख न बसण्याच्या अवघडलेपणावर पहिले अंक चालवते.

आणखी एक, हाइमे रेयेसचं (नव्या ब्लू बीटलचं) उदाहरण तुमच्या कामाचं आहे. त्याला मिळालेलं यंत्र आधीच्या ब्लू बीटलला, टेड कॉर्डला, कधी चालवताच आलं नव्हतं. टेडकडे शक्ती नव्हती, डोकं आणि हत्यारं होती. म्हणजे शक्तीशिवायचा नायक वारशाच्या साखळीत व्यवस्थित बसतो. आणि वॉली वेस्ट जेव्हा फ्लॅश झाला तेव्हा १९८७ च्या मालिकेत त्याचा वेग आधीच्यापेक्षा मुद्दाम कमी ठेवला होता, वर त्याला सारखं खावं लागायचं. नवा माणूस जुन्यापेक्षा कमी पडतो हे वाचकाला मोजता आलं पाहिजे.

रेवतीसाठी माझा कौल तिसऱ्या वाटेला. ताताला जिवंत ठेवा. तो चादर देत नाही, उलट नको म्हणतो. म्हाताऱ्याचा नकार चार पानं टिकतो, मरण एका पानात संपतं.

आता न पाहिलेल्या नायकाची आठवण कशी निर्माण करायची. संवादातून सांगू नका. ‘धोटा असता तर…’ असं एकाही पात्राने म्हणायचं नाही. शहरावर त्याच्या खुणा ठेवा. एका जुन्या शटरला खालच्या बाजूला टोकदार खोच, जी मालकाने कधी बुजवली नाही. एका कारखान्याच्या दाराला बाहेरून कडीच नाही, फक्त चार बोल्टांची भोकं, कारण रात्रपाळीला बाहेरून कुलूप लावण्याची पद्धत त्याने मोडली होती. विड्या वळणाऱ्या बायकांच्या ओळीत एक बाई संध्याकाळी हजार विड्या मोजून देते आणि मापारी एकही बाद करायला धजत नाही, भिंतीवरच्या फ्रेमकडे बघून पुढे सरकतो. या खुणा पार्श्वभूमीत ठेवायच्या, प्रत्येक वेगळ्या पानावर, आणि रेवतीचं तिकडे लक्षही जाऊ द्यायचं नाही. वाचक दुसऱ्या वाचनात जोडतो, आणि तिथे आठवण तयार होते.

पुस्तिकेची युक्तीही करा. कथेच्या जगात १९८४ मध्ये गड्ड्यात विकली जाणारी ‘धोटा’ नावाची स्वस्त पुस्तिका होती असं धरा आणि तिची तीन पानं कॉमिकच्या सुरुवातीला तशीच्या तशी छापा. त्यात धोटा अवाढव्य, निर्भय, उंच उड्या मारणारा. पुढे खरा ताता येतो तो गुडघे धरून जिना चढणारा. हा फरकच तुमची भावनिक बाजू सांभाळेल.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ताताने १९९१ मध्ये काम का सोडलं? ‘म्हातारा झाला’ हे उत्तर चालणार नाही. त्याचं एक काम अर्धं राहिलेलं असलं पाहिजे आणि ते अर्धं काम त्या चादरीतच असलं पाहिजे. ते काय, हे मागाची माहिती असणाऱ्याने सांगावं.


कांडीवाला:

मागाची बाजू मी घेतो.

धोट्यापासून सुरू करू. यंत्रमागाचा धोटा लाकडी, साधारण सव्वा ते दीड फूट, दोन्ही टोकांना धातूची टोपी. मधे पोकळी, तिच्यात कांडी (दोरा गुंडाळलेली नळी) बसते. दोरा कांडीच्या टोकावरून सुटतो आणि धोट्याच्या एका टोकाजवळच्या बाजूच्या भोकातून बाहेर येतो. बरेच चित्रकार दोरा मधोमध काढतात, ते चूक. मागावर धोटा काठीच्या फटक्याने मिनिटाला शंभराच्या वर वेळा इकडून तिकडे जातो. काही बिघडलं की तो मागाबाहेर उडतो आणि माणसाला लागतो. पेठेतल्या प्रत्येकाला ही भीती माहीत आहे, त्यामुळे शस्त्र म्हणून निवड योग्य.

पण हाताने फेकला तर तो बाणासारखा सरळ जाणार नाही. त्याला पिसं नाहीत की फिरकी नाही, हवेत कोलांट्या घेईल. फेकून माणूस पाडण्याची दृश्यं कमी ठेवा. हातात धरून कुलपावर घाव, शटरखाली पाचर, दाराच्या फटीत अडसर, ही कामं तो चोख करतो. आणि दोऱ्याला लोंबकळू नका, बाण्याचा (आडवा) सुती दोरा माणसाचं वजन पेलत नाही. दोऱ्याचा खरा उपयोग अंधारात परत येण्याची वाट धरायला. तोटाही तोच: दोरा मागे राहतो आणि शत्रू त्याच दोऱ्याने तुमच्यापर्यंत पोचतो. रेवतीची पहिली चूक हवी असेल तर ही घ्या.

आता चादर. अर्धं राहिलेलं काम चादरीत कसं, याला मागावर चक्क खरं उत्तर आहे.

सोलापुरी चादर जॅकार्डवर (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रावर) निघते आणि वीण दुहेरी असते. एका बाजूला मरून जमिनीवर पांढरी नक्षी, तर उलट्या बाजूला तीच नक्षी पांढऱ्या जमिनीवर मरून. जॅकार्डला नक्षी सांगतात ती भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, दोरीने ओवून माळ केलेली. भोक असेल तिथला हूक उचलला जातो आणि ताण्याचा (उभा) दोरा वर येतो. नसेल तिथे खाली राहतो. एका बाण्याला एक कार्ड.

समजा ताता जॅकार्डची कार्डं पाडणारा कारागीर होता. १९९१ मध्ये त्याने सावकाराची वही एका रात्रीपुरती मिळवली. वही परत ठेवावी लागली, पण त्या रात्रीत त्याने ती कार्डांवर उतरवली आणि त्या कार्डांनी चादरीचा काठ विणला. पुढे ती वापरायची हिंमत झाली नाही, कारण वहीत कर्जदारांचीही नावं होती आणि ती उघड झाली तर अब्रू त्यांचीच जाणार होती.

हिशेब जुळतो का बघा. ४०० हुकांचा जॅकार्ड धरा. दुहेरी विणीत दोन ताणे असल्यामुळे दिसणारे उभे रकाने २००. आठ दोऱ्यांना एक अक्षरखूण दिली तर एका ओळीत २५ खुणा. एका माणसाचं नाव आणि रक्कम त्यात मावते. दिसणाऱ्या एका ओळीला पुढचा एक आणि मागचा एक असे दोन बाणे लागतात, म्हणजे दोन कार्डं. १२० कर्जदारांना २४० कार्डं. इंचाला २४ दिसणाऱ्या ओळी धरल्या तर सगळी वही पाच इंचांच्या काठात बसते. साधारण ६० बाय ९० इंचांच्या चादरीत पाच इंच काठ कोणालाही खटकणार नाही.

रेवतीला हे कळायचं कसं? डोळ्याने नाही, बोटाने. दुहेरी विणीत जिथे वरचा आणि खालचा पदर अदलाबदल करतात तिथे ते एकमेकांना घट्ट शिवले जातात. मोठ्या नक्षीत अदलाबदल कमी, म्हणून चादर मऊ आणि आत थोडी पोकळ लागते. अक्षरांच्या काठात दर दोन-चार दोऱ्यांनी अदलाबदल होते, म्हणून तो काठ बाकी चादरीपेक्षा कडक लागतो. घडी घालताना एकच काठ नीट दुमडत नाही. ही चौकट जवळून काढा: अंगठा आणि तर्जनी, मधे काठ, आणि तो वाकायला तयार नाही. मग ती घरातली पिक ग्लास आणते. घडीची छोटी भिंगपट्टी, कापडवाले इंचातले दोरे मोजायला वापरतात तीच.

आणि इथेच फजिती बसवा. अक्षर रंगावर ठरवू नका, रंग जिथे बदलतो त्या जागेवर ठरवा. आठ दोऱ्यांत आत सात जागा, त्यांतून १२८ जुळण्या, देवनागरीला पुरून उरतात. बदलाच्या जागा दोन्ही बाजूंना त्याच राहतात, उलट्या बाजूने फक्त उजवीकडून वाचायचं. म्हणजे नावं कोणत्याही बाजूने बरोबर वाचता येतात. पंचविसावी खूण मात्र आठही दोरे एका रंगाचे: मरून म्हणजे कर्ज फिटलं आणि घराचे कागद परत मिळाले, पांढरं म्हणजे कर्ज फिटूनही सावकाराने कागद दाबून ठेवले. उलट्या बाजूने वाचलं की नावं सगळी बरोबर आणि ही एकच खूण नेमकी उलटी. रेवती उलटी बाजू वाचते, चुकीच्या घरी जाते आणि मिटलेलं जुनं प्रकरण चारचौघांत उघडं करते. नावं बरोबर आली म्हणून तिला शंकाही येत नाही.

पोशाखाचा प्रश्नही यातच सुटतो. ताता गडद बाजू बाहेर ठेवायचा, अंधारात लपायला. रेवती पांढरी बाजू बाहेर ठेवते. चादर तीच, नक्षी तीच, रंग उलटे. नक्षी मोराची नको, लांबून सावलीत ओळखू येत नाही. मोठ्या शंकरपाळ्या घ्या, दोन सेंटिमीटरच्या चौकटीतही कळतात.


साखरपेठी:

हे आमच्या आराखड्याच्या फार पुढचं आहे, मनापासून आभार. वीज काढली. २०० रकाने आणि १२० ओळींचा काठ आजच काढायला घेतो. दोन शंका. इतकी बारीक नक्षी ए-५ वर छापून येईल का? आणि ताता जिवंत ठेवला तर रेवती ‘वारस’ कशी, ती नुसती मदतनीस नाही का वाटणार?


मात्रावेलांटी:

छपाई आणि अक्षरांचं सांगतो.

ए-५ सोडा. मराठी शब्द लांब, संवादाचे फुगे मोठे होतात आणि चित्र गुदमरतं. क्राउन पाव आकार घ्या, छाटून साधारण ७.२५ बाय ९.५ इंच. २० बाय ३० इंचांच्या एका कागदात दोन्ही बाजूंनी १६ पानं बसतात. अशा १६ पानांचा एक फॉर्म, म्हणजे ३२ पानं बरोबर दोन फॉर्म. तुमची २४ पानं म्हणजे दीड फॉर्म, तिथे कागद आणि छपाई दोन्ही अर्धवट वापरली जातात आणि वरची आठ पानं तुलनेने स्वस्तात मिळत असतात. मुखपृष्ठाची चार पानं वेगळ्या जाड कागदावर. मधे पिना मारायच्या असतील तर आतली पानं चारच्या पटीत हवीतच.

काठाची नक्षी छापून येईल, पण काढण्याची पद्धत बदला. छपाईचे ठिपके आणि नक्षीचे चौकोन एकमेकांवर आले की लाटा दिसतात. कपड्याच्या नक्षीत हा दोष हमखास येतो. म्हणून काठाचे रंग टक्केवारीत न ठेवता शाईचे सपाट १०० टक्के ठेवा: पूर्ण मॅजेंटा अधिक पूर्ण पिवळा, त्यावर रेषा फक्त काळ्या शाईची. मरून छटा आणायला काळ्याचे टक्के मिसळलेत की ठिपके परत येतात, त्यामुळे जवळच्या चित्रात काठ लाल दिसला तरी चालवून घ्या. लांबच्या चौकटीत नक्षी काढूच नका, एकरंगी पट्टी पुरे. आणि काठाचं भव्य चित्र दोन पानांवर पसरायचं असेल तर ते १६-१७ वरच ठेवा. पिनांच्या ३२ पानी अंकात तेवढीच जोडी एका सलग कागदावर छापली जाते. बाकी कोणत्याही जोडीत डावं-उजवं पान वेगळ्या जागी छापलं जातं आणि घडीत मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतं. चेहरा असेल तर खपून जातं, २०० रकान्यांची नक्षी असेल तर लगेच दिसतं.

मूळ चित्र छापील आकाराच्या दीडपट काढा. रंगीत फाइल छापील आकाराला ३०० डीपीआय, रेषांचा थर वेगळा ६०० ला. कडेने ३ मिलिमीटर जादा, आणि फुगे कडेपासून निदान ६ मिलिमीटर आत, कारण मधली पानं छाटताना बाहेरच्या पानांपेक्षा जास्त कापली जातात.

जोडाक्षरं फुटण्याचं कारण बहुतेक वेळा फॉन्ट नसतो. चित्र काढायच्या पुष्कळ सॉफ्टवेअरना भारतीय लिप्यांची जुळणी येत नाही, ते अक्षरं एकापुढे एक ठेवतात. चित्र तिथे काढा, अक्षरं इंकस्केपमध्ये किंवा इलस्ट्रेटरमध्ये बसवा. इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय आधी चालू करावा लागतो. भाषा मराठी निवडा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे राहतात. संवादाला ‘कलम’ चांगला, हस्ताक्षराच्या जवळचा, आवाजांना ‘बलू’. दोन्ही मुक्त परवान्याचे. आकार ९ पॉइंट, ओळींमधलं अंतर १३ पॉइंट. यापेक्षा कमी केलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. छापखान्याने जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मजकूर मागितला तर रूपांतर करून देऊ नका. रफार आणि पहिली वेलांटी त्यात हमखास जागा सोडतात. सगळी अक्षरं आकृतीत बदलून पीडीएफ द्या.

एका फुग्यात १५ शब्दांच्या वर नको, पानावर ९० च्या आसपास.

१९८४ च्या पुस्तिकेसाठी: रंग चारच, छटा २५, ५० आणि १०० टक्के एवढ्याच. ठिपके इंचाला ६५ ओळींचे, म्हणजे डोळ्याला दिसतील असे. मॅजेंटाचा थर अर्धा मिलिमीटर सरकवा, पण तिन्ही पानांवर एकाच दिशेला, कारण खऱ्या छपाईत पत्रा सरकला की सगळा फॉर्म तसाच येतो. कागदाला १० टक्के पिवळा. आणि अक्षरं तिथे हाताने लिहा, फॉन्ट नको. त्या काळच्या स्वस्त पुस्तिका जुन्या वाटतात त्या हातच्या अक्षरांमुळेच.


गड्डा-मैदान:

ताता जिवंत ठेवण्यावर माझं मत वेगळं आहे. जिवंत नायक शेवटच्या पानांत मदतीला आलाच पाहिजे असा वाचकाचा हट्ट असतो. आला तर मुलगी लहान होते, नाही आला तर तो निष्ठुर वाटतो. त्यापेक्षा पान १ च्या आधीच तो गेलेला असू द्या. मग रेवतीला विचारायला कोणी नाही आणि उलटी बाजू वाचण्याची चूकही सुधारता येत नाही.

जागेबद्दल. महिना जानेवारीच ठेवा. मे महिन्यात ४३ अंशांत चादर अंगावर घेऊन पळणारी मुलगी सोलापूरच्या वाचकाला पटणार नाही. यात्रेत सात नंदीध्वज आणि बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घातलेले सेवेकरी असतात, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. मारामारी तिथे नेऊ नका. तो श्रद्धेचा क्षण आहे आणि चित्र म्हणूनही अडचण आहे: भोवती पांढऱ्या बाराबंदीच बाराबंदी, रेवतीची पांढरी चादर त्यात हरवते. पाठलागाला भुईकोट, तलाव आणि होम मैदान एकमेकांना लागून आहेत. होम मैदानावर आकाशपाळणे, दुकानांच्या रांगा, वर रंगीत दिवे. तिथे पांढरी चादर प्रत्येक दिव्याचा रंग घेईल, चौकटीगणिक रंग बदलता येईल.

आवाजाचाही वापर करा. पेठेतल्या प्रत्येक चौकटीत मागांची खटखट पार्श्वभूमीला एकाच आकारात, एकाच फिक्या रंगात. वीज गेली की ती अक्षरं पूर्ण गायब. तीन पानं सवय लावली की चौथ्या पानावरची शांतता वाचकाला आपोआप धोक्याची वाटते.

भाषा मिसळू द्या. आईशी तेलुगू, दुकानात कन्नड, मैत्रिणीशी ‘काय बे’. तेलुगू वाक्यं देवनागरीतच ठेवा, दोन-तीन शब्दांची, कृतीवरून अर्थ लागेल अशी. खाली तळटीप नको.


तिसरी चौकट:

गड्डा-मैदान यांचा मुद्दा रास्त आहे, ताता मदतीला येणार का हा प्रश्न वाचक विचारणारच. पण मेलेला ताता नकार देऊ शकत नाही, आणि तुमच्या गोष्टीत नकारालाच वजन आहे. त्याने ते काम भीतीने सोडलेलं नाही, लोकांची अब्रू राखायला सोडलं. हे त्याने तोंडाने सांगितलं पाहिजे, आणि १६ वर्षांच्या मुलीने ते ऐकून न पटल्याचं दाखवलं पाहिजे. मदतीचा पेच असा सोडवा: शेवटी तो येतो, पण लढायला नाही. ज्या घराची रेवतीने चूक करून बदनामी केली त्या घरी तो स्वतः जातो, मुखवट्याशिवाय, आणि वही आपणच उतरवली होती हे सांगतो. त्या क्षणी ‘धोटा’ हे नाव त्याच्याकडून सुटतं. ती मदतनीस राहत नाही, कारण नाव लपवून ठेवणारा आता कोणी उरलेला नाही.

पानांची मांडणी ३२ मध्ये अशी बसते. पान १ नावाचं. २ ते ४ जुनी पुस्तिका. ४ डावीकडे आणि ५ उजवीकडे, दोन्ही एकाच वेळी दिसतात, म्हणून ४ च्या शेवटच्या चौकटीत धोटा ज्या गच्चीवर उभा आहे तीच गच्ची ५ वर आजच्या काळात, त्याच कोनातून, कपडे वाळत घातलेली. ५ ते १० रेवतीचं घर, कॉलेज, पेठ, आणि पार्श्वभूमीतल्या त्या तीन खुणा. ११ वर शेवटच्या चौकटीत कडक काठ बोटात. पान उलटून १२ वर ताताचं दार. वाचकाला धक्का द्यायचा तो नेहमी सम पानावर, कारण विषम पान आधीच डोळ्यापुढे असतं. १२ ते १५ नकार, चार पानं, प्रत्येकी सहा चौकटी, घराबाहेर एकही चौकट नाही. १६-१७ काठ, दोन्ही पानं मिळून एकच चित्र, शब्द नाहीत.

१८ ते २१ चुकीचं घर. हा भाग घाईत उरकू नका. त्या घरातल्या बाईचा चेहरा तीन चौकटींत सारखाच ठेवा, कॅमेरा हलवू नका, फक्त मागे जमणारी माणसं वाढवत न्या. २२-२३ वर शेजारी रेवतीला बोलतात. राग मोठ्या शब्दांत नको. ‘ती चादर काढ आधी’ एवढं एक वाक्य पुरे. २४ ते २९ गड्डा. ३० वर ताता त्या घरी. ३१ वर रेवती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला बसते, या वेळी गडद बाजूने, आणि पांढरी खूण असलेली घरं वहीत उतरवून घेते. ३२ वर पुढच्या अंकाची जाहिरात न टाकता त्या यादीचं फक्त पहिलं नाव आणि पत्ता द्या.

सावकाराच्या नातवाला या अंकात तोंड दाखवू नका. होम मैदानावर त्याची माणसं पुरतात.


कांडीवाला:

३१ साठी एक दुरुस्ती. गडद बाजूने वाचताना ओळ डावीकडून सुरू होईल, १६-१७ वर उजवीकडून. पिक ग्लास १७ वर उजव्या कडेला ठेवा आणि ३१ वर डाव्या कडेला. काठाची फाइल एकच करा आणि १६-१७ साठी तीच आडवी उलटवून रंग अदलाबदल करून वापरा, हाताने दुसऱ्यांदा काढू नका. १२० ओळींत एक जरी दोरा इकडचा तिकडे झाला तरी भिंग घेऊन बसणारा वाचक पहिल्याच दिवशी पकडेल. खुणांची किल्ली शेवटच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापा. लोक वाचणारच आहेत, तेव्हा काठात खरोखर वाचता येतील अशी नावं घाला, आणि ती काल्पनिकच ठेवा.